घराला समुद्राचा फील द्यायचाय, पण मासळीचं हॉटेल नको. मदत हवी!

रेवती_प
नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला टू बीएचके घेतलाय, सातवा मजला, दिवाळीनंतर चावी मिळाली आणि आता आतलं काम काढायचंय. हॉल आणि त्याला लागून असलेली पश्चिमेची गॅलरी मला समुद्रकिनाऱ्यावरच्या घरासारखी करायचीये. डिझायनरने जे दाखवलं त्यात एका भिंतीला लाटांचा वॉलपेपर, त्यावर लाकडी जहाजाचं चाक, दोरखंडाच्या फ्रेमचा आरसा, नांगर, काचेच्या बरण्यांत शिंपले, आणि बाकी सगळं निळं-पांढरं पट्ट्यापट्ट्यांचं. नवरा बघून म्हणाला, छान आहे, फक्त दाराशी सुरमई थाळीचा बोर्ड लावू. आणि मलाही ते बघताना आत काही हललं नाही. मला हवंय ते हे नाही एवढं कळतंय, पण नक्की काय हवंय ते सांगता येत नाहीये.

बजेट फर्निचर सोडून दीड लाख. फरशी बिल्डरने दिलेली पांढरी व्हिट्रिफाइड, ती बदलणार नाही. घरात चार वर्षांचा मुलगा आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई. कोणी असं घर केलंय का? काय टिकलं आणि काय सहा महिन्यांत काढून टाकावं लागलं?

मुपो_डोंबिवली
चाक लावलंत तर येणारा प्रत्येक जण विचारणार, रेवसची लाँच किती वाजता :-)

अरुंधती_ठाणे
मी २०१९ ला केलंय निळं-पांढरं आणि अजून तितकंच आवडतं, त्यामुळे उगाच घाबरू नकोस. पण एकच नियम पाळला, समुद्राचं चित्र कुठेही नाही. पांढरे सुती पडदे, वेताच्या दोन खुर्च्या, एक मोठी निळी सतरंजी, बस. नांगराच्या उशा मीही आणलेल्या, वर्षभरात कंटाळा आला. सहा महिन्यांत काढलेली गोष्ट म्हणजे काथ्याचा मोठा गालिचा. सारखा भुसा पडतो त्यातून, झाडून झाडून जीव जातो. तुझ्या सासूबाईंना दमा आहे तर काथ्या फक्त दाराबाहेर पायपुसण्यापुरता.

मालवणकर_७२
आमचं घर समुद्रापासून चालत चार मिनिटं, चार पिढ्यांचं. त्यात एकही नांगर नाही, शिंपल्यांची बरणी नाही, निळी भिंत तर नाहीच. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर नळे, पुढे पडवी, लाल कोबा, माजघरात काळोख. समुद्राकडे तोंड करून बसायला एक बाकडं आहे, ते पण वडील जाळी सुकवणाऱ्यांशी गप्पा मारायला बसायचे म्हणून. समुद्र बाहेर असतो तेव्हा तो भिंतीवर लावायची गरज पडत नाही. ताई, तुम्हाला किनाऱ्यावरचं घर हवंय की किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, ते आधी ठरवा. दोन्ही वेगळी कामं आहेत.

अरुंधती_ठाणे
@मालवणकर_७२ पटलं, पण तिच्याकडे बाहेर समुद्र नाहीये ना. खडकवासल्याच्या दिशेला तोंड आहे.

बॉस्टनची_मीना
हे जे ऑनलाइन फोटोत दिसतं ना, ते सगळं आमच्या इकडचं आहे. केप कॉडची जुनी घरं बाहेरून सिडरच्या फळ्यांनी मढवलेली असतात, रंग देत नाहीत, खाऱ्या हवेत ते लाकूड आपोआप चांदीसारखं करडं होतं. तो करडा, सफेद आणि थंड निळा म्हणजे उत्तर अटलांटिकचा रंग. इथल्या उन्हाला तो शोभतो कारण ऊनच फिकं असतं. आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापड म्हणाल तर ते फ्रेंच खलाशांच्या सदऱ्याचं. १८५८ मध्ये तिथल्या नौदलाने तो सदरा गणवेशात आणला, २१ पांढरे पट्टे अशी मोजून ठरलेली रचना होती. म्हणजे डिझायनर तुला ब्रिटनी आणि मॅसॅच्युसेट्सचा समुद्र विकतोय. वाईट काहीच नाही त्यात, मी स्वतः त्यात राहते, पण तुझ्या डोक्यातला समुद्र कुठला आहे? तो सांग, मग रंग सांगता येतील.

रेवती_प
@बॉस्टनची_मीना हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. गुहागर.

चुना_आणि_वाळू
मी आर्किटेक्ट आहे, चिपळूण-रत्नागिरी भागात कामं करतो, त्यामुळे गुहागर म्हटल्यावर लिहायलाच बसलो.

आपला समुद्र फोटोतल्यासारखा निळा नसतोच हो. हिवाळ्यात सकाळी थोडा वेळ असतो, एरवी राखाडी-हिरवट, आणि पावसाळ्यात चहासारखा. वाळूही सगळीकडे पांढरी नाही. रत्नागिरीत तर शेजारी शेजारी पांढरा समुद्र आणि काळा समुद्र अशीच नावं आहेत, वाळूच्या रंगावरून. मग कोकण किनाऱ्याचे रंग कुठले? चिऱ्याचा तांबडा. ओल्या वाळूचा करडा. पोफळीच्या खोडाचा राखाडी-हिरवा. फणसाच्या लाकडाचा मधासारखा पिवळा, जो वर्षांनी तपकिरी होतो. आणि चुन्याचा पांढरा, ज्यात चिमूटभर नीळ घालायचे त्यामुळे तो किंचित निळसर दिसायचा. निळ्याचा आमच्याकडचा मान तेवढाच, चिमूटभर. जुनी घरं बघा, निळा असला तर खिडकीच्या गजांना नाहीतर दाराच्या चौकटीला.

किनाऱ्यालगत चुना पण शिंपल्यांचाच भाजून करत. म्हणजे शिंपले घरात होते, पण भिंतीत. बरणीत नव्हते.

तुमच्या फ्लॅटसाठी: पश्चिमेची गॅलरी आहे तर एकदम शुभ्र पांढरा देऊ नका, दुपारी तीननंतर डोळे दिपतील, त्यात खाली पांढरी चकाकती फरशी. ताकासारखा ऑफ व्हाइट घ्या, मॅट फिनिश. खरी चुन्याची सफेदी करायचा मोह होईल, पण बिल्डरच्या ॲक्रिलिक पुट्टीवर चुना धरत नाही, पोपडे निघतात, त्याला खालचा गिलावा उघडा लागतो. एकच भिंत तांबड्या मातीच्या रंगात करा, ज्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन येतं ती. सूर्य मावळताना बघा काय होतं ते.

अलिबाग_वीकेंड
थोडं विषयांतर, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून. किहीमला छोटं घर बांधतोय, समुद्रापासून दोनशे मीटर. फॅब्रिकेटर म्हणतोय स्टेनलेस स्टीलचं रेलिंग कधीच गंजत नाही. खरं का?

वर्सोवा_पश्चिम
@अलिबाग_वीकेंड अजिबात नाही. ग्रेड विचारा. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४, आमच्या गच्चीवर दोन पावसाळ्यांत त्यावर चहाचे डाग पडल्यासारखे तपकिरी ठिपके आले. किनाऱ्यावर ३१६ लागतं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. महाग आहे, पण दुसऱ्यांदा रेलिंग करण्यापेक्षा स्वस्त. आणि तेसुद्धा महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायचं. पाऊस जिथे पोचतो तो भाग बरा राहतो, छपराखालचा आधी गंजतो कारण मीठ धुऊन जात नाही. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूला लावू नका. प्लायवूड आयएस ७१० मार्क बघून, ते बॉयलिंग वॉटरप्रूफ, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं. बिजागऱ्या, स्क्रू, कडी-कोयंडे पितळी. हिरवे पडतात पण तुटत नाहीत.

खऱ्या समुद्राकाठी राहणाऱ्यांचं डेकोरेशन म्हणजे हेच, काय गंजणार नाही याची यादी. रेवतीताई, पुण्यात बसून तुम्हाला समुद्राचं सुख मीठ वगळून मिळतंय, एन्जॉय करा!

अलिबाग_वीकेंड
खूप आभार. फॅब्रिकेटरला आत्ताच फोन केला, ग्रेड विचारल्यावर तो म्हणतो उद्या सांगतो.

शिंपी_नाही_शिंपली
बरण्यांतल्या शिंपल्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझं शिक्षण सागरी जीवशास्त्रातलं. शोपीसच्या दुकानांत जे मोठे चकचकीत शंख आणि पांढरी प्रवाळं मिळतात ती घेऊ नका, प्लीज. प्रवाळ, नॉटिलस, मोठे शिरस्त्राण शंख हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, २००१ मध्ये ही नावं यादीत घातली गेली. घरात ठेवणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. सगळ्यात वाईट प्रकार 'इंद्रजाल'. काळ्या जाळीसारखी फांदी फ्रेम करून वास्तुदोषासाठी विकतात, वनस्पतीचं मूळ आहे म्हणून सांगतात. ती वनस्पती नाही, समुद्राच्या तळाशी वाढणारा प्रवाळांच्या कुळातला प्राणी आहे, तोडून वाळवलेला. यालाही पूर्ण संरक्षण आहे.

किनाऱ्यावर वेचलेले साधे शिंपले वेगळे, पण पिशव्या भरून आणू नका. रिकाम्या शंखात राहणारे खेकडे असतात, त्यांना वाढताना मोठं घर लागतं. मी एका किनाऱ्यावर तसा खेकडा प्लास्टिकच्या बुचात राहताना बघितलाय. ते बघितल्यापासून मी एकही शंख उचललेला नाही.

मुपो_डोंबिवली
@शिंपी_नाही_शिंपली आमच्या ऑफिसात रिसेप्शनला इंद्रजाल लावलंय!! उद्याच सांगतो.

फोंड्याची_सून
शिंपल्यांवरून आठवलं, गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्या बघितल्यात का? काचेच्या जागी शिंपले. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत हाताच्या तळव्यापेक्षा लहान, पातळ, चौकोनी कापलेले शिंपले एकावर एक सरकवून बसवलेले. पोर्तुगीज काळात काच दुर्मिळ होती तेव्हाचं. माझ्या आतेसासूबाईंच्या घरी अजून आहेत, दुपारी त्यातून जो उजेड येतो तो दुधासारखा, ऊन आत येतं पण टोचत नाही. हा शिंपला चिखलीच्या खाडीत मिळतो, आता त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे त्यामुळे नवीन काढायचा प्रश्नच नाही. मी आमच्या फ्लॅटमध्ये तसाच उजेड यावा म्हणून गॅलरीच्या दाराला जाडसर, न रंगवलेल्या मलमलीचा पडदा लावला, दुहेरी. खरं सांगते, घरात समुद्र वाटायला वस्तू लागत नाहीत, उजेड लागतो आणि वारा लागतो. पडदा हलला पाहिजे. जड पडदे लावू नकोस.

वेसावचा_पोरगा
जाळ्याबद्दल मला बोलायचंय. बरेच जण सजावटीला जाळं मागायला आमच्या कोळीवाड्यात येतात. जुनं जाळं कोणी ना कोणी देतं, पण ते कितीही धुवा, पावसाळी हवा आली की वास सुटतो. आणि नायलॉनच्या जाळ्यात धूळ अशी बसते की निघत नाही, घरात दमेकरी असताना तर नकोच. दुसरं, पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं असेल तर त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात वजनाला. चार वर्षांचं मूल ते तोंडात घालणार. शिसं विषारी आहे. लावूच नका.

आणि मनातलं सांगतो. माझे आजोबा डोल जाळ्याने मासेमारीला जायचे, जाळं आमच्या ओटीवर असायचं ते विणायला, भिंतीला टांगायला नाही. ते हॉटेलात दिव्यांच्या माळा अडकवून टांगलेलं बघितलं की मला बरं वाटत नाही. कोणाला नाव ठेवत नाही, फक्त सांगितलं.

रेवती_प
@वेसावचा_पोरगा बरं झालं सांगितलंत. जाळं माझ्या यादीत होतं, काढून टाकलं. शिशाचं तर डोक्यातच आलं नसतं.

अरुंधती_ठाणे
मी पण अडकवलं होतं छोटंसं, गॅलरीत. आज उतरवते.

कसबा_पेठ
पुण्यातच आहात तर बुरुड आळीत जा. बांबूच्या चिकाच्या पडद्यांचं माप देऊन करून मिळेल, पश्चिमेच्या उन्हाला त्यासारखं दुसरं काही नाही. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे. आणि तिथून दोन-तीन रोवळ्या आणा, हो, तांदूळ धुवायच्या रोवळ्याच. उलट्या टांगून आत एलईडी बल्ब सोडला की भिंतीवर काय सुंदर सावल्या पडतात! आम्ही जेवणाच्या टेबलावर तीन लावल्यात वेगवेगळ्या उंचीवर. फक्त जुना पिवळा बल्ब लावायचा नाही, तो तापतो, बांबू काळा पडतो.

हिरवा_अंगठा
गॅलरीसाठी: नर्सरीत अरेका पाम म्हणून जे मिळतं ते सुपारीचं झाड नव्हे, मूळचं मादागास्करचं आहे, पण दिसायला पोफळीची आठवण येते आणि कुंडीत जगतं. माड कुंडीत लावू नका, रोप दोन वर्षं छान दिसतं मग छताला लागतं आणि टाकवत पण नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत पामची पानं टोकाला करपतात, उन्हाळ्यात रोज फवारा मारायचा. सोनटक्का लावा मोठ्या कुंडीत, ओल धरून ठेवा. पावसाळ्यात संध्याकाळी फुलला की डोळे मिटून बसा गॅलरीत.

रेवती_प
सोनटक्का!! हिरवा_अंगठा, तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय लिहिलंत.

मंडळी, दोन दिवस हे सगळं वाचून मला आता सांगता येईल. गुहागरला माझं आजोळ. समुद्राला लागून आगर, माड-पोफळी, मग न्हाणीघर, मागची पडवी, घर, ओटी आणि पुढे रस्ता. बावीवर सोनटक्का होता. आम्ही मे महिन्यात तिथे असायचो, आणि गंमत म्हणजे घरातून समुद्र दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा. रात्री ओटीवर गाद्या घातल्या की आवाज यायचा. घर तीन वर्षांपूर्वी मामांनी विकलं, त्यांच्याने पडलेले नळे शाकारणं होईना, त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही बीचवर गेले की रडू येतं म्हणून जाणं बंद केलंय. डिझायनरचे फोटो का रुचत नव्हते ते आत्ता कळतंय.

मामांनी मला ओटीवरच्या झोपाळ्याची फणसाची फळी आणि पितळी कड्या दिल्यात. चार फुटी फळी आहे. त्या बहिणीच्या माळ्यावर पडून आहेत. हॉलमध्ये लावता येईल का? थीम वगैरे बाजूला राहू दे, मला तो झोपाळा लावायचाय.

मालवणकर_७२
ताई, हे आधी सांगायचं. झोपाळा लावा, बाकी हॉलमध्ये काही नसलं तरी चालेल.

बॉस्टनची_मीना
वाचून घशात आवंढा आला. लाव गं.

स्लॅब_आणि_सळई
लावायच्या आधी थांबा. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. फर्निचरवाला येतो, स्लॅबला ड्रिल मारतो, साधे फास्टनर ठोकतो आणि जातो, हे कृपा करून करू देऊ नका. झोपाळ्यावर दोन मोठी माणसं म्हणजे दीडशे किलो धरा, पण झोका घेताना भार त्याहून बराच जास्त होतो, आणि तो सतत मागेपुढे ओढणारा भार असतो. साधा एक्स्पान्शन फास्टनर हळूहळू सैल होतो, आणि तो कधी सुटेल ते आधी दिसत नाही.

बिल्डरकडून पहिली गोष्ट विचारा, स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहे का. असेल तर एकही भोक मारायचं नाही, आतली ताणलेली केबल कापली गेली तर फार मोठा धोका. साधा आरसीसी असेल तर शक्यतो बीमला धरून, सळ्या कुठे आहेत ते स्कॅन करून, इंजिनियरने ठरवलेल्या मापाचे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने पक्के चिकटवलेले बोल्ट. सोसायटीची लेखी परवानगी. यातलं काही जमत नसेल तर एमएसची म्हणजे साध्या लोखंडाची स्वतंत्र फ्रेम करून घ्या, चार पायांची, रुंद बैठकीची, छताचा संबंधच नाही. तांबड्या भिंतीपुढे काळी फ्रेम वाईट दिसणार नाही. आणि कडेला पोराच्या डोक्याला लागणार नाही इतकी जागा मागे-पुढे सोडा, निदान तीन-तीन फूट.

चुना_आणि_वाळू
फळीवर पीयू पॉलिश किंवा लॅमिनेट काही चढवू नका. पॉलिशपेपर हलक्या हाताने, मग जवसाचं तेल दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा. सुतार काजूच्या टरफलाचं तेल सुचवेल, वाळवीला रामबाण आहे, घराच्या वाशांना आणि होड्यांना लावतात, पण कातडीवर फोड येतात. बसायच्या फळीला ते नको.

रेवती_प
बिल्डरच्या माणसाशी बोलले, स्लॅब पोस्ट-टेन्शन्डच निघाला. म्हणजे फ्रेम. डिझायनरला चाक, नांगर, वॉलपेपर सगळ्याला नाही म्हणून कळवलं, तो समजूतदार निघाला, फ्रेमचं ड्रॉइंग तोच करून देतोय. ताकाचा पांढरा, एक तांबडी भिंत, मलमलीचे पडदे, गॅलरीत चिक, तीन रोवळ्या, सोनटक्का. दीड लाखातले निम्मे पण जात नाहीयेत.

एकच अडचण. ओटीचं आढं उंच होतं, कड्या त्या हिशोबाने लांब आहेत. माझी फ्रेम साडेसात फुटांचीच होतेय, तशीच टांगली तर फळी जमिनीला टेकेल. फॅब्रिकेटर म्हणतोय दीड-दीड फूट कापून वेल्ड करू. काय करू?

मालवणकर_७२
कापू नका!! कड्या सलग नसतात, एकात एक आकडे अडकवलेले जोड असतात. वरून मोजा, प्रत्येक बाजूला चार-पाच तरी असतील. चारही बाजूंचा वरचा एकेक जोड सोडवून घ्या, फळी तेवढी वर येईल. राहिलं तर अजून एक. काढलेले जोड फडक्यात गुंडाळून जपून ठेवा, उद्या तुमच्या मुलाने उंच छताचं घर बांधलं तर लागतील. आणि लावायच्या आधी चिंचेने घासा, आकड्यांत थोडं खोबरेल सोडा. करकर वाजतील, तो आवाज मात्र राहू द्या.